अंधार पडला की बंद होणारे कॅमेरे
वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानाचे आठ कॅमेरे दिवसा ठणठणीत. अंधार पडला की मात्र मागच्या गोदामातले दोन सारखे बंद-चालू व्हायचे. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि करंट वाढतो, म्हणून मल्टिमीटर रात्रीच लावला: सप्लायपाशी १२ऐवजी ११.२ व्होल्ट, गोदामात जेमतेम साडेनऊ!

कॅमेऱ्याच्या लेबलवर प्रत्येकी ०.६ अँपिअर, आठांचे ४.८. जुना एसएमपीएस, म्हणजे कॅमेऱ्यांना वीज देणारा सप्लाय, ५ अँपिअरचा, त्यातून वर्षानुवर्षं तापलेला. १२ व्होल्ट १० अँपिअरचा बसवला. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कॅमेरा लागेल तेवढाच करंट ओढतो. गोदामाकडे जाड तार टाकली, कारण बारीक तारेत लांबवर व्होल्टेज पडतं. काही मोठे कॅमेरे २४ व्होल्ट एसीवर चालतात, तेव्हा आधी लेबल वाचा, मगच सप्लाय घ्या.