पाठीवरच्या पुटकुळ्या: या चुका टाळा

पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून तिच्यावरचे उपाय बहुतेक अंदाजपंचे असतात. त्यातला पहिला म्हणजे घासणं. पुटकुळ्या मळामुळे येतात अशी समजूत असते, मग काथ्या, वजरी नाहीतर लांब दांड्याचा ब्रश घेऊन पाठ लाल होईपर्यंत रगडली जाते. मुरुम तयार होतो तो केसाच्या मुळाशी. तिथल्या ग्रंथीचं तेल आणि मेलेल्या पेशी मिळून छिद्र बुजवतात. घासणी तिथपर्यंत पोचतच नाही. वरची कातडी तेवढी सोलली जाते, सूज वाढते आणि गव्हाळ-सावळ्या रंगावर काळे डाग उरतात. मुरुम पंधरा दिवसांत जातो, पण डाग जायला कित्येक महिने लागतात. दिवाळीत भरड उटणं लावायचंच असेल तर पुटकुळ्यांची जागा सोडून लावा.

याहून मोठी चूक म्हणजे पाठीवरच्या प्रत्येक पुरळाला मुरुम समजणं. खाज सुटते का, हे आधी पाहा. मुरुम दुखतो, पण सहसा फारसा खाजत नाही. शिवाय मुरुमांत काळे-पांढरे ठिपके, लाल पुळ्या, एखादी गाठ असं सगळं एकाच वेळी दिसतं. याउलट खांद्यांवर, पाठीच्या वरच्या भागात आणि छातीवर एकाच मापाचे बारीक दाणे असतील आणि घाम आला की ते चुरचुरत असतील, तर ती मॅलेसेझिया नावाच्या बुरशीची लागण असण्याची शक्यता बरीच. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तिचं चांगलंच फावतं. मुरुम समजून तिच्यासाठी अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर ती उलट वाढते, कारण तिला आवर घालणारे जंतू मरतात आणि बुरशी तशीच राहते. इथे उपयोग होतो तो किटोकोनॅझोलसारख्या बुरशीनाशकाचा.

आणि मग येतो मेडिकलवाला. ‘खाज, बुरशी, जंतू, सगळ्यावर चालेल’ म्हणून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन ही नावं दिसली तर ट्यूब परत करा. चार दिवस लाली उतरते, म्हणून माणूस खूश होतो. पण बुरशी आतल्या आत पसरते, आणि काही आठवड्यांनी स्टेरॉइडमुळेच एकसारख्या लाल पुळ्या उठतात. तेच मलम पुन्हा लावलं की पुन्हा चार दिवस बरं वाटतं, आणि हे चक्र चालू राहतं.

औषध बरोबर असूनही पद्धत चुकते. साध्या मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड हे लावून धुवायचं औषध चांगलं काम करतं, पण अंगावर फासून लगेच धुतलं तर काय उपयोग? ओल्या पाठीवर लावा, दोन ते पाच मिनिटं थांबा, मग धुवा. कातडी कोरडी पडत असेल तर सुरुवातीला एक दिवसाआड. ते कापडाचा रंग उडवतं, तेव्हा पुसायला पांढरा पंचाच घ्या. निळ्या टॉवेलवर बदामी ठिपके पडले की घरात ब्लीच सांडल्याचा संशय येतो. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून दुसरी बाटली आणतात.

केस लांब असतील तर तेल आणि कंडिशनर कुठे ओघळतं ते बघा. रात्री डोक्याला खोबरेल चोपडून मोकळ्या केसांनी झोपलं की मानेखाली पुटकुळ्यांची रांग दिसू लागते. आंघोळीत केस आधी धुऊन वर बांधा, पाठ शेवटी धुवा. जिमचा घामट सिंथेटिक टी-शर्ट घरी येईपर्यंत अंगावर ठेवू नका. व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पुटकुळ्या वाढल्या असतील तर थोडे दिवस बंद करून पाहा. ‘बॉडी’साठी इंजेक्शनं घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, त्यांच्यामुळे येणारे मुरुम कुठल्याही साबणाने आटोक्यात येत नाहीत.

खोल, दुखऱ्या गाठी असतील किंवा छाती-खांद्यावरचे व्रण जाड, उंच होत असतील तर घरगुती प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अशा गाठींवर बऱ्याचदा आयसोट्रेटिनॉइन हे गोळीचं औषध दिलं जातं. गरोदरपणात ते बाळाला घातक असतं, त्यामुळे मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या हा पर्यायच नाही. काखेत किंवा जांघेत त्याच जागी वारंवार गळवं येऊन पू वाहत असेल, तर तेही पाठीबरोबरच दाखवा. तो बहुधा मुरुमांपेक्षा वेगळा आजार असतो आणि त्याचे उपचारही वेगळे.