घाबरलेल्या पोरीची कादंबरी लिहायची तर

मुलांसाठी धीराची गोष्ट लिहायला बसलात की आधी भीती नेमकी करा. ‘बंटी भित्रा होता’ या वाक्यावर मी उन्हाळी वर्गात सरळ काट मारते. कशाला घाबरतो? कधीपासून? घरात कुणाला ठाऊक आहे?

आमच्या नाशिकचंच घ्या. दहा वर्षांची पोरगी, वडिलांचं भांडी बाजारात दुकान. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. कमरेला लागलं, छातीला आलं... पूर मोजायची आमची पट्टी तीच. ऑगस्ट २०१९ सारखा पूर आला आणि दुकानात पाणी शिरलं. बंद शटरमागे पितळी पातेली एकमेकांवर आपटत होती. तो आवाज पोरीच्या डोक्यात बसला. आता मोरीत वाटी पडली तरी दचकते. नुसत्या ‘पाण्याच्या भीती’पेक्षा हे बरं, कारण प्रत्येक प्रकरणात तुम्हाला वाजवायला भांडं मिळतं.

घरच्यांना संत करू नका. आई ओरडते, “एवढी घोडी झालीस, घाबरतेस काय!” आणि स्वतःच पाऊस लागला की मोबाइलवर धरणाचा विसर्ग किती क्युसेक ते बघत बसते. उपदेश करणारे आजोबा शक्यतो टाळाच, मला त्यांचा वीट आलाय.

खरी मेहनत मैत्रीवर घ्या. रामकुंडाशेजारच्या गांधी तलावात बिनधास्त उड्या मारणारा मित्र हवाच, पण त्याचंही कुठेतरी अडलेलं हवं. समजा, वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की त्याच्या पोटात दुखतं. तो हिला घाटावर नेतो, ही त्याच्याकडून धडा वाचून घेते. “चल ना” आणि “बरं, आज एवढंच” एवढ्यात त्यांची दोस्ती दिसली पाहिजे.

धीर एका उडीत परत आणू नका. बुडणाऱ्याला वाचवण्याचा शेवट तर नकोच, सगळे तोच लिहितात. घाटाला पायऱ्या आहेत, त्या वापरा. आधी ती होळकर पुलावरूनच बघते. मग वरच्या पायरीवर बसते. पाय भिजवते, आणि दुसऱ्या दिवशी पुलाशीही फिरकत नाही. हे माघारी जाणं गाळू नका; पोरांचा पुस्तकावर विश्वास तिथेच बसतो. शेवटी पुढच्या पावसाळ्यात थरथरत्या हातांनी ती वडिलांबरोबर पातेली माळ्यावर चढवते, बास.

मग कच्चा खर्डा चार पोरांना मोठ्याने वाचून दाखवा. जिथे ती चुळबुळ करतील तिथे हमखास तुमचं भाषण सापडेल. ते काढा.