गिटार शिकताना बेंजो, व्हायोलिन, बासरी ऐका

गिटार हातात घेतल्यावर पहिली अडीच वर्षं मी फक्त गिटारवाल्यांना ऐकलं. खरं तर ऐकलं कमी आणि त्यांची बोटं पाहिली जास्त. यूट्यूबवर टॅब लावायचा, कितवी तार, कितवा फ्रेट (गिटारच्या दांडीवरचा पडदा) हे उतरवून घ्यायचं आणि घासत बसायचं. वेग आला, पण वाजवलेलं कुणाच्या लक्षात राहत नव्हतं.

नागपुरातल्या इंदोऱ्यात 14 एप्रिलच्या कार्यक्रमासाठी एका गायन पार्टीनं मला बोलावलं. हार्मोनियम, ढोलक, ऑक्टोपॅड आणि बेंजो. हा आपल्याकडचा बेंजो, म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं बुलबुल तरंग. कडव्यांच्या मधला तुकडा गिटारवर घ्यायचा होता. तालमीत मी तो भराभर वाजवून दाखवला. बेंजोवाले काकाजी हात थांबवून म्हणाले, "गाण्याचे शब्द येतात का तुले?"

"नाही, काकाजी."

"मंग काय वाजवून राह्यला?"

मग त्यांनी मुखड्याची ओळ वाजवली. जिथे अक्षर पडतं तिथे उजव्या हातातल्या पट्टीचा एकच ठोका. जिथे गायक स्वर लांबवतो तिथे त्याच सुरावर पट्टी इतकी झरझर फिरली की सुटे ठोके ऐकूच येईनात, सूर अखंड वाटला. बेंजोचा सूर गिटारसारखाच छेडल्यावर विरायला लागतो. तरी कार्यक्रमात त्यांची ओळ मांडवाच्या टोकापर्यंत पोचली आणि माझा तुकडा स्टेजवरच विरला. त्या रात्री घरी येऊन मी टॅबची वही बाजूला ठेवली.

तेव्हापासून मी असं शिकतो, आणि नव्यानं गिटार घेणाऱ्यालाही हेच सांगतो. आधी शब्द असलेलं गाणं घ्या आणि ते व्हायोलिनवर कुणी वाजवलंय का ते शोधा. प्रभाकर जोगांच्या 'गाणारं व्हायोलिन'पासून सुरुवात करा. शब्द नसूनही शब्द कानात येतात. का येतात ते बारकाईनं ऐका. व्हायोलिनवर नवं अक्षर बहुतेकदा गजाच्या नव्या ओढीनं येतं, आणि अक्षरातला लांबलेला स्वर त्याच ओढीत बोट सरकवून. गिटारवर हाच हिशेब धरा: नव्या अक्षराला पिकचा आघात, लांबलेल्या स्वराला स्लाइड (दाबलेलं बोट तारेवरून सरकवणं), हॅमर-ऑन (पुन्हा न छेडता पुढच्या फ्रेटवर बोट आपटणं) किंवा पुल-ऑफ (बोट ओढून उचलत मागचा सूर काढणं). एक ओळ आधी तोंडानं म्हणा, मग एकाच तारेवर शोधा. एका तारेवर हात वर-खाली धावतो, त्यामुळे दोन सुरांमधलं अंतर डोळ्यांना दिसतं. चार तारांवर पसरवायची घाई नको. मला पहिल्या ओळीला नऊ दिवस लागले.

बासरीनं मला थांबायला शिकवलं. पन्नालाल घोष किंवा हरिप्रसाद चौरसिया यांचा आलाप लावा आणि ते श्वास कुठे घेतात तेवढंच ऐका. गिटारवाल्याला श्वासासाठी थांबावं लागत नाही, म्हणून तो थांबतच नाही. माझा सराव असा: श्वास सोडताना वाजवायचं, घेताना हात तारांवरून उचलायचा. दोन-तीन दिवस फार अवघड जातं, पण वाक्यं आपोआप आखूड आणि सुटसुटीत होतात. बासरीची पट्टी तुमच्या सोयीची नसेल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, लावा. जुनं ध्वनिमुद्रण दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असेल, तर ट्यूनर बंद करून गिटारच त्याला जुळवून घ्या.

सतारीची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, ऐकून मी तार ओढायला गेलो तेव्हा बरेच महिने बेसूर होतो. सतारीतही तार पडद्यावर आडवीच ओढतात, म्हणून वाटलं जमेल. उपाय साधा आहे: ज्या सुरापर्यंत जायचंय तो आधी दोन फ्रेट पुढे दाबून ऐका, मग मागे येऊन तिथपर्यंत ओढा. अकूस्टिकवर 12 च्या जाड तारा असतील तर हट्ट करू नका, स्लाइडनं जा. इलेक्ट्रिकवर 9 च्या बारीक तारांना हे सहज जमतं.

पाश्चात्त्य संगीताकडे ओढा असेल तर ट्रम्पेट ऐका. माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं 'सो व्हॉट' पहिल्यांदा ऐकून उतरवायला उत्तम. ते 32 बारच्या चक्रात बसलेलं आहे (इथे एक बार म्हणजे चार मात्रा): 16 बार डी डोरियन, 8 बार अर्धा सूर वर, पुन्हा 8 बार डी. डोरियनचे सूर म्हणजे आपला काफी थाट, म्हणून कानाला ते परकं वाटत नाही. सूर मोजके, मोकळी जागा भरपूर. गिटारवाल्यानं दुसऱ्या वाद्याकडून शिकायचं, हा रस्ता जॅझमध्ये जुनाच आहे. चार्ली ख्रिश्चनच्या गिटारवर लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनची छाप स्पष्ट ऐकू येते.

स्ट्रमिंगसाठी, म्हणजे तारा एकत्र छेडत ताल धरण्यासाठी, मात्र ढोलकवाल्याशेजारी बसा. डग्ग्याचा घुमारा खालच्या सुराच्या जाड तारांना द्या, चाट वरच्या सुराच्या बारीक तारांना. बर्डीवरून (सीताबर्डी) घरी जाताना वरातीतला संदल, म्हणजे ढोलवाल्यांचा ताफा, लागला तर दोन मिनिटं थांबा. आणि वसंतराव देशपांडे सभागृहात मैफल असेल तर वादकाचा उजवा हात दिसेल अशी जागा धरा. सूर कधी सुरू होतो हे सगळेच ऐकतात. तो कधी सोडला जातो ते पाहा, आणि घरी येऊन तुमच्या तारेवरचं बोट नेमकं तेव्हाच उचला.