साफ्रानबोलूला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

इस्तंबूल आणि कॅपाडोशिया सोडून तुर्कस्तानातलं जुनं गाव बघायचं असेल, तर साफ्रानबोलू घ्याच. लाकडी चौकटीत कच्च्या विटा भरलेली, वरचा मजला रस्त्यावर झुकलेली ऑटोमन काळातली घरं इथे अजून नांदती आहेत. १९९४ पासून गाव युनेस्कोच्या यादीत आहे.

लोक चुकतात ते उतरतानाच. काही बस शेजारच्या काराब्युक या पोलादाच्या कारखान्याच्या शहरापर्यंतच जातात, काही किरानक्योय या वरच्या नव्या वस्तीत सोडतात. तिथली सिमेंटची अपार्टमेंटं बघून आमचेही चेहरे पडले होते. जुनं गाव, म्हणजे चार्शी, तिथून दोनेक किलोमीटर खाली दरीत आहे. डोलमुश, म्हणजे आपली वडाप, पकडा आणि उतरायचं ठिकाण आलं की मोठ्यानं म्हणा, 'इनेजेक वार'. उतरायचंय, एवढाच अर्थ.

चाकांची मोठी बॅग नेऊ नका. उतारावरच्या ओबडधोबड फरशीवर माझ्या बॅगेचं एक चाक पहिल्याच वळणाला निखळलं. बाकीची वाट बॅग कडेवर.

राहायचं ते जुन्या कोनाकमध्ये, म्हणजे तिथल्या वाड्यात. दारात बूट काढावे लागले तर आपल्याला त्यात नवल नाही. खोलीत बाथरूम दिसलं नाही म्हणून मात्र लगेच खाली तक्रार करायला धावू नका. आधी भिंतीतलं कपाट उघडा. पूर्वी अंघोळीची मोरी कपाटातच असायची आणि काही हॉटेलांत बाथरूम अजूनही तिथेच आहे. शिरताना डोकं सांभाळा.

एका दिवसात उरकून परत फिरणं हीसुद्धा चूकच. दुपारी टूरवाल्यांची गर्दी असते. संध्याकाळी हिदिरलिक टेकडीवरून कौलांवर उतरणारं ऊन बघायला मुक्कामच हवा.

आता केशर. गावाचं नावच त्यावरून पडलंय, पण फुलं येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जुलैत जाऊन जांभळी शेतं शोधू नका. तुर्की बाजारांत 'हास्पिर' नावाचं स्वस्त काहीतरी केशर म्हणून गळ्यात मारलं जातं. ती चक्क आपल्या करडईची पाकळी! एक किलो केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, तेव्हा मूठभर पुडी चहाच्या भावात मिळाली की समजून जा. कोमट पाण्यात टाकून बघा: खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं, काडी लालच राहते, आणि तिचं एक टोक तुतारीसारखं फाकलेलं असतं.

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढ्यावर थांबू नका. मसुराचं सूपही मटणाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, म्हणून 'एत सुयू वार मी?' असं विचारा. ब्युक्मे ही तिथली भरलेली रोटी पालकाची म्हणून मागवाल, तर आत खिमाही निघेल.