चिनी जेवण मागवताना आधी प्रांत विचारावा

एकाच चिनी उपाहारगृहात वर्षानुवर्षे जाऊनही आपण बहुधा तेच तीन-चार पदार्थ मागवतो आणि ‘चिनी जेवण’ म्हणजे तेवढेच, अशी समजूत करून घेतो. प्रत्यक्षात छिनलिंग पर्वत आणि हुआई नदी यांच्या उत्तरेला गव्हाचे आणि दक्षिणेला भाताचे जेवण, इथपासूनच फरक सुरू होतो. शानडोंग, सिचुआन, ग्वांगडोंग, जिआंगसू, फुजियान, झेजियांग, हुनान आणि अनहुई या आठ पाकपरंपरा प्रमुख मानण्याची रीत आहे. मात्र या यादीत युन्नान नाही आणि शिनजियांगही नाही, त्यामुळे ती पाठ करण्यापेक्षा समोरचे स्वयंपाकघर कोणत्या प्रांताचे आहे, हे शोधणे अधिक उपयोगाचे.

त्याच्या खुणा सहसा दारातच सापडतात. पाटीवर तीन उभ्या रेघांसारखे दिसणारे अक्षर असेल, तर ते सिचुआनचे आहे. मेनूकार्डावर सगळ्याच प्रांतांचे पदार्थ असतील, तर यादी कुठे दाट होते ते पाहावे. नूडल्सचेच आठ-दहा प्रकार असतील, तर आचारी उत्तरेकडचा असण्याची शक्यता मोठी. तरीही उलगडा झाला नाही, तर सरळ विचारावे. फक्त ‘इथे चांगले काय मिळते?’ असे विचारू नये, कारण त्यावर सर्वाधिक खपणाऱ्या पदार्थाचेच नाव पुढे केले जाते. ‘आपले आचारी मूळचे कुठले, आणि त्यांच्या गावाकडचा कोणता पदार्थ इथे मिळतो?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा खरे उत्तर मिळते.

स्वयंपाकघर सिचुआनचे निघाले, तर मापो टोफूपासून सुरुवात करावी. मऊ टोफूचे चौकोनी तुकडे, थोडा खिमा, बाकल्याचे दाणे आणि मिरची आंबवून केलेली डोबानजियांग नावाची लाल पेस्ट, आणि वर भाजून कुटलेली सिचुआन मिरी, असा हा पदार्थ असतो. ही मिरी काळ्या मिरीच्या नात्यातली नसून लिंबाच्या कुळातली आहे. घास घेतल्यावर क्षणभर काहीच जाणवत नाही, मग ओठांच्या कडा झिणझिणू लागतात आणि साध्या पाण्याची चवही बदलल्यासारखी वाटते. चिनी भाषेत ‘मा’ म्हणजे बधिर करणारे आणि ‘ला’ म्हणजे तिखट. ‘माला’ चव ती हीच. 2013 मध्ये लंडनच्या संशोधकांनी ही झिणझिण सेकंदाला सुमारे 50 कंपनांइतकी असल्याचे दाखवले होते. पहिल्या खेपेस मी चारही पदार्थ मालाचेच मागवले, आणि दुसऱ्या वाडग्यानंतर कोणते काय आहे हे जिभेला कळेनासे झाले. म्हणून अशा जेवणात मालाचे दोनच पदार्थ ठेवून सोबत काकडीची थंड कोशिंबीर आणि एखादी सौम्य पालेभाजी घ्यावी. सुक्या मिरच्यांच्या ढिगाऱ्यात कोंबडीचे तुकडे दडवलेला पदार्थ आला, तर तुकडे वेचून खावेत. मिरच्या ताटातच राहू द्याव्यात. हुनानचे जेवणही तिखट असते, पण त्यात ताज्या आणि खारवलेल्या मिरचीचा थेट, आंबूस जाळ असतो आणि बधिरपणा फारसा नसतो.

ग्वांगडोंगची, म्हणजे कॅन्टनची, परीक्षा याच्या अगदी उलट पदार्थाने करावी लागते. वाफवलेला अख्खा मासा, आले, कांद्याची पात, सोया सॉस आणि वरून ओतलेले कडकडीत तेल, एवढ्यावर तो उभा असल्याने लपवायला तिथे काही उरत नाही. मांस काट्यापाशी किंचित चिकटलेले असले, तर तो नेमका शिजला आहे असे समजावे. डिमसम शक्यतो सकाळी किंवा दुपारी खावे, कारण चहासोबत खाण्याचाच तो प्रकार आहे.

शांघाय आणि जिआंगसूच्या बाजूचे जेवण गोडसर असते. तिथला शियाओलोंगबाव, म्हणजे मोदकासारख्या चुण्यांचा वाफवलेला भरलेला गोळा, मात्र घाईने तोंडात टाकला, तर जीभ भाजतेच. त्यात थंड करून गोठवलेला रस्सा भरलेला असतो आणि तो वाफेवर वितळतो. त्यामुळे वरच्या चुण्यांना अलगद धरून तो चमच्यात ठेवावा, कडेला छोटे भोक पाडून रस्सा ओढून घ्यावा, आणि मग उरलेला भाग काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून खावा.

उत्तरेकडच्या ठिकाणी भात मागवण्यात फारशी मजा नाही. शाआंशीचे पट्ट्यासारखे रुंद नूडल्स, लांझोऊचे हाताने ओढलेले बीफ नूडल्स किंवा शिनजियांगचे जिरे लावलेले मटण यांतील एखादे घ्यावे.

पदार्थ मध्यभागी ठेवून सर्वांनी वाटून खायचे असल्याने, माणसे असतील साधारण तेवढेच पदार्थ आणि एक सूप पुरते. दोन पदार्थ एकाच मांसाचे किंवा दोन्ही तळलेले नसतील, एवढे पाहावे. शाकाहारी मंडळींनी मात्र नावावर विसंबू नये. ‘माशाच्या सुगंधाची वांगी’ या सिचुआनी भाजीत मासा मुळीच नसतो, पण खिमा अनेकदा असतो; साध्या दिसणाऱ्या हिरव्या पालेभाजीवर शिंपल्यांपासून केलेला ऑयस्टर सॉस ओतलेला असू शकतो आणि सूपचे पाणी तर बहुधा हाडांचेच असते. म्हणून ‘मांस नको’ एवढेच न सांगता, खिमा, ऑयस्टर सॉस आणि हाडांचा रस्सा ही तिन्ही नावे घेऊन नको म्हणावे.