हिरो एक शब्द बोलत नाही असला पिच्चर कसा बघायचा: 'थ्री-आयर्न' लावण्याआधी बेळगावकरांसाठी थोडं

कोरियन म्हटलं की आपल्याकडं कॉलेजच्या पोरी सोळा एपिसोडची सिरीयल दोन रात्रीत उडवतात, छत्रीतला सीन, पाठीमागनं मिठी, हॉस्पिटलात रडारड, सगळं तोंडपाठ. ते सगळं आधी डोक्यातनं काढा आणि मगच 'थ्री-आयर्न' लावा. २००४ चा पिच्चर, कोरियन दिग्दर्शक किम की-दुकचा, साधारण दीड तासाचा. व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला त्याला दिग्दर्शनाचा सिल्वर लायन मिळाला, आणि त्याच वर्षी बर्लिनच्या फेस्टिव्हलला दुसऱ्या एका पिच्चरसाठी दिग्दर्शनाचंच सिल्वर बेअर. बक्षिसं एवढ्यासाठी सांगायलोय की अर्ध्या तासात शेजारचा "हे काय लावलंयस बे" म्हणाला तर उत्तर द्यायला काहीतरी हाताशी पाहिजे.

पहिलं म्हणजे कुणाबरोबर बघायचा. घरच्यांबरोबर हॉलमध्ये नको. आई-पप्पा, आज्जी बसलेत आणि तुम्ही हा लावला तर सुरवातीलाच एका प्रसंगात रिमोट शोधायची वेळ येणार. एकटं बघणं सगळ्यात बेस्ट, नाहीतर एखादा असा मित्र ज्याला गप्प बसायला जमतं. असले मित्र आपल्या गावात कमीच, आपल्याकडं टॉकीजमध्ये पण अर्धा पिच्चर पब्लिकच बोलते.

दुसरं, आवाज. डायलॉग फारसे नाहीत म्हणजे आवाज बारीक करून चालतंय असं वाटेल, पण उलट आहे. कपडे धुण्याचा, भांड्यांचा, दार उघडण्याचा आवाज हाच पिच्चर आहे, आणि मधी मधी नताशा अ‍ॅटलसचं 'गफसा' हे अरबी गाणं येतं ते कानात बसतं. म्हणून जुलैमध्ये पत्र्याखाली बसून बघू नका, इकडचा पाऊस सुरू झाला की काय ऐकू येणार, हेडफोन लावा नाहीतर दिवाळीनंतर बघा. करंट जायची भीती असेल तर आधी लॅपटॉप फुल चार्ज, कारण मधीच तुटला तर परत त्या मूडमध्ये जायला लई वेळ लागतो.

सबटायटलचं टेन्शन घेऊ नका. नवरा, पोलीस, घरमालक बोलतात तेवढंच वाचायचं, हिरो तर पूर्ण पिच्चरभर एक शब्द बोलत नाही आणि हिरॉईन पण जवळजवळ नाहीच. १९५६ पासनं बोर्ड कुठल्या भाषेत पाहिजे म्हणून भांडणाऱ्या आपल्या गावाला हे जरा जड जाईल. आणि ते दहा मिनिटात हिंदीत गोष्ट समजावून सांगणारे व्हिडिओ असतात, ते अजिबात बघू नका. या पिच्चरमधनं गोष्ट काढून सांगितली तर चार ओळी होतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, एवढंच?

तर त्या चार ओळी अशा. एक पोरगा मोटरसायकलवरनं फिरतो आणि घरांच्या दारावर, कुलपाच्या जागी, हॉटेलची जाहिरातीची पत्रकं चिकटवत जातो. नंतर परत येऊन बघतो, ज्या दारावरचं पत्रक तसंच आहे तिथं कोण नाही हे ओळखून कुलूप उघडून आत जातो. चोरी करत नाही. जेवण करतो, झोपतो, आणि त्याबदल्यात त्यांचे कपडे धुतो, झाडांना पाणी घालतो, बिघडलेलं घड्याळ, वजनकाटा असलं काय काय दुरुस्त करतो, भिंतीवरच्या फॅमिली फोटोसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढतो. असंच एका मोठ्या बंगल्यात शिरतो आणि तिथं घरात बाई असते, नवऱ्यानं मारून तोंड सुजलेली, आणि ती गप्प बसून ह्याला बघत असते. पुढं दोघं मिळून रिकामी घरं फिरायला लागतात.

आता खरं कसं बघायचं ते. माणसांची तोंडं बघून मनात काय चाललंय ते ओळखायला जाऊ नका, दमाल. घरं बघा. प्रत्येक घर वेगळं आहे, फोटोग्राफरचा फ्लॅट, बॉक्सरचं घर, जुन्या पद्धतीचं अंगणवालं कोरियन घर, आणि एक म्हाताऱ्याचा फ्लॅट. घरात शिरल्यावर आधी सांगा बघू इथं राहणारी माणसं एकमेकांशी बोलत असतील का. हा खेळ आपल्या लोकांना जमणारच, कारण असली घरं आपण रोज बघतो. टिळकवाडी, हिंदवाडीत पोरं पुण्याला बेंगळुरूला आणि खाली आई-वडील दोघंच, वरचा मजला कुलपात. खानापूरकडच्या गावात तर घरंच्या घरं बंद, माणसं गोव्याला कामाला, गणपतीला दार उघडणार, झाडलोट होणार, आरत्या होणार आणि मग परत कुलूप. त्या पोराला इकडं सोडला असता तर गणपतीचे दिवस सोडून वर्षभर जेवला-झोपला असता.

म्हाताऱ्याच्या फ्लॅटवर थांबा. दोघं आत जातात तर म्हातारा जमिनीवर मरून पडलेला, कुणाला पत्ता नाही. पळून जायचं सोडून ही दोघं त्याला धुतात, कापडात नीट गुंडाळतात, पुरतात. ज्यांचा काय संबंध नाही त्यांनी. माझ्या मते पिच्चरमधलं खरं प्रेम इथं आहे, पुढचं चुंबन वगैरे नंतरची गोष्ट. हा भाग फॉरवर्ड केला तर पुढचं काहीच लागणार नाही. आणि गंमत म्हणजे ते सापडतात पण इथंच.

आता "लग्न झालेल्या बाईबरोबर" म्हणून कोण नाक मुरडणार असेल तर हे माहीत असू दे. पिच्चर आला तेव्हा कोरियात व्यभिचार हा सरळ गुन्हा होता, १९५३ चा कायदा, दोघांनाही दोन वर्षांपर्यंत जेल, तिथल्या घटना न्यायालयानं तो २०१५ मध्ये रद्द केला. आपल्याकडं ४९७ कलम होतं, त्यात फक्त पुरुषावर केस आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा, ते सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये काढलं. म्हणजे ही दोघं नुसती समाजाच्या नजरेत नाही, कागदावर पण गुन्हेगार ठरली असती, आणि बायकोला मारणारा नवरा मात्र आरामात गोल्फ खेळतोय. पिच्चरचं इंग्रजी नावच गोल्फच्या काठीवरनं आहे, थ्री नंबरची लोखंडी काठी. ती कुणाच्या हातात कधी आहे तेवढं बघत राहा.

मला काय पटत नाही ते पण सांगतो. ते गोल्फचे बॉल मारून सूड घ्यायचं मला उगीच वाटलं, आणि बाईला मार खाण्याशिवाय स्वतःचं असं फार कमी दिलंय, एका फ्लॅटमध्ये ती स्वतःचाच मोठा फोटो कापून तुकडे उलटेसुलटे लावते तेवढ्यात ती खरी दिसते. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणं रोमँटिक कसं काय, हा प्रश्न पण बरोबरच आहे, विचारा. आणि किम की-दुकवर २०१८ मध्ये अभिनेत्रींनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केलेत, २०२० मध्ये तो लाटवियात कोविडनं वारला. हे कळल्यावर काही जण त्याचे पिच्चर बघतच नाहीत, मी बघतो, पण बाईला मारायचे सीन आले की आता आधीसारखं नुसतं "वा काय फ्रेम आहे" म्हणवत नाही.

पोरगा जेलात जातो तो भाग सुरू झाला की बऱ्याच बघणाऱ्यांचा धागा सुटतो. एवढा वेळ सगळं खरं खरं चाललेलं आणि आता हा पोरगा सावलीसारखं लपायची प्रॅक्टिस करायलाय, गार्डच्या पाठीमागं, त्याच्या नजरेच्या बाहेर. इथं "असं कुठं होतंय का" म्हटलं की संपलं. आपण भुताखेताच्या गोष्टी ऐकताना विचारतो का असं? तसंच चालू द्या. शेवटचा शॉट सांगत नाही, फक्त आधी कुठं कुठं वजनकाटा दिसला ते लक्षात ठेवा.

कळला नाही तरी लगेच गूगल करू नका, दोन दिवस जाऊ देत, मग परत फक्त शेवटची वीस मिनिटं बघा. मित्राबरोबर बघितला असेल तर एकच भांडण करा, शेवटी पोरगा खरंच तिथं आहे की तिला वाटायलंय. माझं मत आहे तो आहे, पण ह्यावर मी हरलोय पण.

हा झेपला तर त्याचाच २००३ चा 'स्प्रिंग, समर, फॉल, विंटर अँड स्प्रिंग' लावा, तळ्यात तरंगणाऱ्या मठातला. देवाधर्माचा वाटतो म्हणून आज्जीला बोलवायला जाल, नको. त्यात पण रिमोट शोधायला लावणारा प्रसंग आहे की.