शुगरच्या गोळ्या चालू असताना हॉर्मोनची तपासणी कशी करून घ्यावी

लॅबमध्ये जाताना गोळ्यांच्या पट्ट्याच सोबत न्या. तपासणीच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस आणि शेवटची गोळी किंवा इंजेक्शन कधी घेतलं ते लिहून घ्या. नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही, कारण एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असू शकतात आणि दोघांचा घोळ वेगवेगळा.

थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) घेणाऱ्याला मेटफॉर्मिन सुरू झालं की टीएसएच (थायरॉइडला काम सांगणारं हॉर्मोन) खाली येऊ शकतं. फ्री टी-४ (थायरॉइडचं रक्तातलं मोकळं हॉर्मोन) मात्र जागच्या जागी राहतं. म्हणून दोन्ही करून घ्या, एकट्या टीएसएचवरून थायरॉक्सिन कमी करू नये. पायाच्या मुंग्यांसाठी दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळीकडे मात्र कुणी बघतच नाही. तिच्यात बायोटिन (एक बी-व्हिटॅमिन) जास्त असेल तर काही मशिनवर टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येतं. थायरॉइड ठणठणीत, रिपोर्ट हायपरथायरॉइडचा, म्हणजे थायरॉइड जास्त काम करत असल्याचा! बायोटिन ५-१० मिलिग्रॅम असेल तर डॉक्टरांना सांगून किमान २ दिवस आधी थांबवा. शुगरची गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही.

सी-पेप्टाइड (स्वादुपिंड इन्सुलिन बनवताना सोबत तयार होणारा तुकडा) तपासताना त्याच वेळच्या रक्तातली शुगरही मोजायला सांगा. शुगर उतरलेली असताना स्वादुपिंड गप्पच असतं. तेव्हाचा कमी आकडा पाहून ते निकामी झालं असं ठरवता येत नाही. किडनी कमजोर असेल तर उलट आकडा फुगतो.

शुगर वारंवार घसरत असेल तर ती ५५ मिलिग्रॅम/डेसीलिटरच्या खाली असतानाच रक्त घ्यावं लागतं. साखर दिल्यावर घेतलेलं उपयोगाचं नाही. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड कमी म्हणजे इंजेक्शनचा परिणाम. (तपासणीच्या काही किटना ग्लार्जिन, अस्पार्टसारखी इन्सुलिन दिसतच नाहीत, म्हणून कोणतं टोचता तेही लिहा.) दोन्ही जास्त असतील तर इन्सुलिनोमाची (जास्त इन्सुलिन बनवणारी) गाठ असू शकते, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी. नुसत्या आकड्यांवरून हा फरक कळत नाही. सल्फोनिलयुरियाची (म्हणजे याच गटातल्या गोळ्यांची) तपासणी त्याच नमुन्यातून मागा, गाठ शोधायला स्कॅन करण्याआधी.

बीपीसाठी अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर (अल्डोस्टेरॉन हॉर्मोन जास्त बनून बीपी वाढतंय का ते पाहणारी तपासणी) काढायचं असेल तर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या चालू असल्याचं आधीच सांगा. यांनी रेनिन वाढू शकतं, गुणोत्तर उतरतं आणि आजार झाकला जातो. गोळी चालू असूनही गुणोत्तर जास्त आलं तर ते गांभीर्याने घ्यावं.

कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हॉर्मोन जास्त होण्याचा आजार) तपासायला रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉल दाबणारं औषध १ मिलिग्रॅम देतात. सकाळी ८चं कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम/डेसीलिटरच्या खाली यायला हवं. पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळी चालू असेल तर डेक्सामेथासोन लवकर विघटित होऊन कॉर्टिसॉल दबत नाही, असं घडू शकतं. अशा वेळी सकाळच्या त्याच रक्तात डेक्सामेथासोनची पातळीही मोजून घ्या.